चीनमधल्या शाळेत व्हॉलंटियर म्हणून जायचंय? कुठला व्हिसा, काय कागदपत्रं आणि होस्ट फॅमिलीकडे राहताना काय करायचं

टुरिस्ट व्हिसावर जाऊन शाळेत शिकवलं तर चालतं का, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही चालत. एजंट म्हणेल सगळे तसेच जातात, पण सापडलात तर एजंट पुण्यात आणि तुम्ही तिकडच्या पोलीस चौकीत. परवानगीशिवाय काम केलं तर ५,००० ते २०,००० युआन दंड, आणि प्रकरण गंभीर धरलं तर ५ ते १५ दिवस आत.

पगार न घेता व्हॉलंटियर म्हणून जाताय (किंवा पैसे चीनबाहेरची संस्था देतेय) आणि मुक्काम ९० दिवसांच्या आत आहे, तर एफ व्हिसा, म्हणजे देवाणघेवाण आणि भेटींसाठीचा. ९० च्या वर गेलं की झेड म्हणजे कामाचा व्हिसा लागतो आणि तिथे आपली गाडी अडते, कारण भाषा शिकवणाऱ्याने शक्यतो स्वतःची मातृभाषाच शिकवावी, वर पदवी आणि २ वर्षांचा अनुभव असावा असा तिकडचा नियम. आपण केजीपासून इंग्लिश मीडियमला असलो तरी भारतीय पासपोर्टवर इंग्लिश ही मातृभाषा सहसा धरत नाहीत. म्हणून आपल्यासाठी ९० दिवसांचाच हिशोब बरा.

तारखा ठरवताना शाळेचं कॅलेंडर बघा. पहिली टर्म सप्टेंबर ते जानेवारी, दुसरी चिनी नववर्षानंतर ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत. कोणी "ऑगस्टमध्ये शाळेत शिकवा" म्हणत असेल तर ती शाळा नाही, बहुतेक समर कॅम्प किंवा क्लास असणार. आणि "राहणं-जेवण फुकट, बदल्यात आमच्या मुलाला रोज इंग्लिश शिकवा" अशी फॅमिली भेटली तर जरा सांभाळून, याला ऑ-पेअर म्हणतात आणि त्यासाठी चीनमध्ये वेगळा व्हिसाच नाहीये.

आता मुख्य कागद, इन्व्हिटेशन लेटर. सगळा खेळ याच्यावर. त्यात तुमचं नाव, लिंग, जन्मतारीख, कशासाठी येताय, कधी येणार कधी जाणार, कुठल्या गावात राहणार, खर्च कोण करणार आणि बोलावणाऱ्या संस्थेशी तुमचा संबंध काय हे सगळं पाहिजे, शिवाय शाळेचं नाव-पत्ता-फोन, जबाबदार माणसाची सही आणि तो लाल गोल शिक्का. नाव पासपोर्टवर आहे तस्संच. माझ्या पहिल्या लेटरमध्ये शाळेने वडिलांचं नाव गाळलं होतं, त्यांना वाटलं एवढं लांब नाव एका माणसाचं कसं असेल, आणि मला लेटर परत मागवून आठवडाभर नुसतं बसावं लागलं. म्हणून लेटर मागतानाच पासपोर्टचा फोटो पाठवा आणि "एकही अक्षर सोडू नका" असं सांगा.

बाकी मग नेहमीचंच, निदान ६ महिने शिल्लक असलेला आणि कोरी पानं असलेला पासपोर्ट, ऑनलाइन भरलेला फॉर्म, पांढऱ्या बॅकग्राउंडवरचा ३३ बाय ४८ मिलिमीटरचा फोटो (आपला पासपोर्ट साइज चालत नाही, स्टुडिओवाल्याला माप सांगा), बँक स्टेटमेंट, तिकिटाचं बुकिंग. मुलांमध्ये काम करायचं म्हणून शाळा पोलीस क्लिअरन्स मागू शकते, ते पासपोर्ट सेवाच्या साइटवरून अर्ज करून मिळतं. मुंबईत चीनचं कॉन्सुलेट आहे, त्यामुळे आपल्याला दिल्ली गाठायला नको.

व्हिसा हातात आला की नीट वाचा. त्यावर दोन वेगळ्या गोष्टी असतात, कुठल्या तारखेच्या आत चीनमध्ये शिरायचं आणि शिरल्यावर किती दिवस राहायचं. दिवस मोजायचे ते पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. जास्त राहिलात तर दिवसाला ५०० युआन, १०,००० पर्यंत. आणि सिंगल एंट्री असेल तर वीकेंडला हाँगकाँग फिरून येऊ म्हणू नका, तिकडे गेलात की चीनमधून बाहेर पडलात, परतायला नवा व्हिसा.

आता होस्ट फॅमिलीवाल्यांनी नीट ऐका. हॉटेलात उतरलं तर रजिस्ट्रेशन हॉटेलच करतं, पण कोणाच्या घरी राहिलात तर पोचल्यापासून २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस चौकीत तुम्ही किंवा घरमालकाने नोंद करायची. नाही केली तर २,००० युआनपर्यंत दंड. तुमचा पासपोर्ट, व्हिसा आणि एंट्रीचा शिक्का, घरमालकाचं ओळखपत्र आणि घराचे कागद किंवा भाडेकरार न्या. माझ्यासोबत होस्ट फॅमिलीतले आजोबा आले होते, कागदांची प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून, आणि हवालदाराने भारत म्हटल्यावर आजोबा पटकन म्हणाले "ख तीहुआ!" मला दोन मिनिटं कळलंच नाही, ते आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव. १९३८ ला चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला गेलेला माणूस, अजून ओळख काढायला उपयोगी पडतो. नोंदीची स्लिप मिळते तिचा फोटो काढून ठेवा, व्हिसा वाढवायला तीच मागतात. दुसऱ्या घरी राहायला गेलात तर नोंद परत.

घरातल्या बाईंना "आयी" म्हणायचं, म्हणजे मावशी-काकू. आपल्या कानाला आई ऐकू येतं, त्यामुळे पहिले दोन दिवस जरा हलल्यासारखं होतं. व्हेज असाल तर "वो छ्र सू" पाठ करा, तरी सूप कशाचं आहे ते विचाराच, कारण मांसाचे तुकडे बाजूला काढले की झालं व्हेज असं बऱ्याच घरात वाटतं. व्हॉट्सॲप आणि गुगल चालत नाही, त्यामुळे वीचॅट निघायच्या आधीच चालू करा आणि घरच्यांनाही घ्यायला लावा. अलीपे म्हणजे तिकडचं पैसे द्यायचं ॲप, त्यात कार्ड इथूनच जोडून ठेवा.

मुक्काम वाढवायचा असेल तर तिथल्या पोलिसांच्या एक्झिट-एंट्री ऑफिसात मुदत संपायच्या निदान ७ दिवस आधी अर्ज करायचा, शाळेचं नवं लेटर घेऊन. आणि तो मंजूर होईलच असं धरून परतीचं तिकीट कॅन्सल करू नका.