फॉलिक गोळीतलं पान आणि इटालियन पाला

गरोदरपणात दिल्या जाणाऱ्या लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सगळ्यांना माहीत असतात. त्यातलं ‘फॉलिक’ लॅटिन ‘फोलियम’वरून आलं. फोलियम म्हणजे झाडाचं पान. १९४१ साली हे द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं, म्हणून हे नाव. (त्याआधी दहा वर्षं लूसी विल्स या इंग्लिश डॉक्टरबाईंनी मुंबईतल्या गरोदर बायकांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे दाखवून दिलं होतं. त्यावर कधीतरी सवडीने.) मला मात्र रस आहे तो इटालियनमध्ये या शब्दाचं पुढे काय झालं त्यात.

फोलियम नपुंसकलिंगी, अनेकवचन फोलिया. शाळेत ‘वनम् वने वनानि’ घोकलेल्यांना आठवेल, नपुंसकलिंगात प्रथमा आणि द्वितीया सारखीच. लॅटिनमध्येही तसंच. याचा अर्थ लॅटिन संस्कृतातून निघाली असा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड काहीही म्हणोत. दोघी बहिणी, नियम आईकडचा, म्हणजे दोघी जिच्यातून निघाल्या त्या मूळ भाषेतला.

पुढे बोलताना शेवटचा ‘म्’ गळला, ‘उ’चा ‘ओ’ झाला. लॅटिनमधल्या पुल्लिंगी शब्दांच्या शेवटी येणाऱ्या ‘-उस्’चंही ‘ओ’च झालं होतं. एकवचनात दोन्ही लिंगं सारखीच ऐकू यायला लागली आणि फोलियम पुल्लिंगात जाऊन बसलं: इटालियन ‘फोल्यो’, म्हणजे कागदाचा ताव.

अनेकवचनी ‘फोलिया’ मात्र मागे उरलं. आता गंमत बघा. ‘रोसा’, म्हणजे गुलाब, हा शब्दही आकारान्त, पण स्त्रीलिंगी आणि एकवचनी. शिवाय झाडाची पानं कोण एकेक मोजतं? तो सगळा पालाच. रूप स्त्रीलिंगी एकवचनासारखं, अर्थ समूहाचा. मग लोकांनी ‘पानं’ हेच ‘एक पान’ धरलं! इटालियन ‘फोल्या’ झालं स्त्रीलिंगी एकवचन, आणि त्याला नवं अनेकवचन मिळालं ‘फोल्ये’. पोर्तुगीज ‘फोल्या’ही याच अनेकवचनातून आलं. म्हणजे मराठीत झाडाचं आणि वहीचं ‘पान’ एकच, इटालियनमध्ये त्याच एका शब्दाचे दोन झाले.

काही नपुंसकलिंगी शब्द तर अर्धवटच सरकले. अंडं एक असेल तर ‘उओव्हो’, पुल्लिंगी. अनेक झाली की ‘उओव्हा’, स्त्रीलिंगी. हात म्हणजे ‘ब्राच्चो’. माणसाचे हात असतील तर ‘ब्राच्चा’, स्त्रीलिंगी. नदीचे फाटे असतील तर ‘ब्राच्ची’, पुल्लिंगी.

हिंदीनेही नपुंसकलिंग असंच सोडलं. तिथे घर, दूध, पाणी सगळे पुल्लिंगी. मराठी, कोकणी आणि गुजरातीने ते अजून धरून ठेवलंय.