चिंतेवर दोन औषधे: जोडी जमते कुठे, बिघडते कुठे

एस्सिटॅलोप्रॅम (चिंतेवर रोज घ्यायचे औषध) 10 मिग्रॅ आणि क्लोनाझेपाम (मेंदू शांत करणारे औषध) 0.5 मिग्रॅ एकत्र असलेली गोळी आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाते. यातल्या पहिल्या औषधाचे व्यसन लागत नाही, दुसऱ्याचे लागू शकते. धडधड कमी करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलच्या काही गोळ्यांतही क्लोनाझेपाम किंवा त्याच्याच जातकुळीचे एटिझोलाम मिसळलेले असते. म्हणून स्ट्रिपवरचे ब्रँडचे नाव सोडा, खालची बारीक अक्षरे वाचा.

व्यसन न लावणाऱ्या उपचाराचा पाया बहुधा एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालिन. एस्सिटॅलोप्रॅम 5 मिग्रॅने सुरू करून आठवड्याभराने 10 वर नेतात. गुण यायला 2 ते 6 आठवडे लागतात. त्याआधी मळमळ, झोपमोड आणि कधी कधी वाढलेली बेचैनी सोसावी लागते, आणि बरेच जण नेमके इथेच औषध टाकून देतात. दुसरे औषध जोडायचा विचार पुरेशा डोसवर 6 ते 8 आठवडे काढल्यानंतरचा.

तेव्हा ब्युस्पिरोन हा एक पर्याय. सुरुवात 5 मिग्रॅ दिवसातून दोनदा, मग हळूहळू वाढ. बहुतेकांचे 20 ते 30 मिग्रॅवर भागते, कमाल मर्यादा दिवसाला 60. या जोडीमागचा पुरावा मात्र बेताचाच आहे. शिवाय ‘घाबरल्यासारखे वाटले की एक घेतली’ असे करून काहीच होत नाही. ती रोज घ्यावी लागते आणि तिलाही 2 ते 4 आठवडे लागतात. सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे क्लोनाझेपाम एकदम बंद करून तिच्या जागी ब्युस्पिरोन घेणे. दोघींची मेंदूतली कामाची जागा वेगळी, त्यामुळे क्लोनाझेपाम तुटल्याचा त्रास ब्युस्पिरोन थोपवत नाही. फिटही येऊ शकते.

भाषण, तोंडी परीक्षा यांसाठी प्रोप्रॅनोलॉल 10 ते 40 मिग्रॅ, साधारण तासभर आधी. थरथर आणि धडधड थांबते, डोक्यातले विचार थांबत नाहीत. दमा असेल किंवा नाडी मुळातच मंद असेल तर नको. इन्सुलिन घेणाऱ्यांत साखर उतरल्याची धडधड ते झाकून टाकते. एस्सिटॅलोप्रॅमच्याच गटातली फ्लुओक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन यकृतातले त्याचे विघटन मंदावतात, म्हणजे नेहमीच्याच डोसने नाडी फार खाली जाऊ शकते.

झोपेसाठी हायड्रॉक्सिझिन 25 मिग्रॅ देतात. पण ते आणि एस्सिटॅलोप्रॅम दोन्ही हृदयाच्या विद्युतचक्रातला क्यूटी काळ लांबवतात, म्हणजे ठोक्यांची लय बिघडू शकते. वय जास्त, पोटॅशियम कमी किंवा हृदयविकार असेल तर ही जोडी टाळलेलीच बरी. द्यायचीच झाली तर आधी ईसीजी.

दोन औषधे एकाच दिवशी सुरू करू नयेत. अंगावर पुरळ उठले तर दोष कोणाचा ते कळत नाही. वेदनेसाठी ट्रामाडॉल लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाही आपल्या औषधांची यादी दाखवा, कारण एस्सिटॅलोप्रॅमसारखेच तेही सेरोटोनिन हे मेंदूतले रसायन वाढवते. सेरोटोनिन अति झाले की घाम, जुलाब, स्नायूंचे झटके आणि ताप येतो. तेव्हा थेट रुग्णालय गाठावे.

व्यसन लागत नाही, म्हणून एस्सिटॅलोप्रॅमसारखी औषधे एका दिवसात बंद करता येतात असे नाही. एकदम तोडली तर गरगरणे, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असा त्रास होतो. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन (चिंतेवरचेच आणखी एक औषध) यांत तो जास्त. डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस काही आठवड्यांत, गरज पडली तर महिन्यांत, पायरीपायरीने उतरवतात.