मळीतलं मँगनीज

नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी निघाली. अडीच हजार वर्षांहून जुनी. सोबत मळीही, म्हणजे धातू गाळल्यावर उरणारा वितळून थिजलेला कचराही मिळाला. अशा भट्ट्यांच्या मळीत लोखंड भरपूर राहून जायचं, कारण खनिजातली सिलिका, म्हणजे वाळूसारखा भाग वितळवायला लोखंडाचाच ऑक्साइड खर्ची पडे.

आज त्याच भागात, मनसर-कांद्रीला आणि पलीकडे भंडाऱ्यात चिखला, डोंगरी बुजुर्गला मँगनीज निघतं. चंद्रपूरला 'सेल' या सरकारी पोलाद कंपनीच्या कारखान्यात विजेच्या भट्टीत त्याचं फेरोमँगनीज, म्हणजे पोलादात घालायचा लोखंड-मँगनीजचा मिश्रधातू होतो. कोक म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशातला कार्बन खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. लोखंड तो लवकर सोडतं, मँगनीज चिवट. भट्टी चालवायच्या एका पद्धतीत तर मळीत ३० ते ४० टक्के मँगनीज ऑक्साइड मुद्दाम राहू देतात. यामागची खुबी फॉस्फरसची. आपल्याकडच्या बऱ्याच खनिजात तो जास्त असतो आणि पोलादाला ठिसूळ करतो. पण भट्टीत तो बहुतेक सगळा धातूत उतरतो नि मळीत फॉस्फरस फारसा राहत नाही. हीच मळी क्वार्ट्झ (गारेचा दगड) आणि कोकसोबत आणखी तापवली, की कमी फॉस्फरसचं सिलिकोमँगनीज, म्हणजे सिलिकॉनही असलेला मँगनीजचा मिश्रधातू हाती येतो. पहिल्या भट्टीचा कचरा दुसरीचा कच्चा माल.

तरी शेवटच्या मळीत काही धातू उरतोच. हा ऑक्साइड नसतो, तयार धातूच असतो. घट्ट मळीतून थेंब तळाशी पोचायच्या आत ती थिजते. फोडलेल्या करड्या-हिरवट खड्यात हे चकचकीत मणी डोळ्यांनी दिसतात. लोखंडाच्या मळीवर चुंबक फिरवला की काम भागतं, पण फेरोमँगनीज चुंबकाला दाद देत नाही. मग वजनाचा फरक कामी येतो. मळी पाण्याच्या तिप्पट-साडेतीनपट जड, धातू सहा-सातपट. मळी दळून 'जिग' नावाच्या यंत्रात जाळीवर पसरतात आणि पाण्याचे हिसके देतात. भंडाऱ्याकडे तांदूळ रोळताना खडे तळाशी राहतात, तसा धातू खाली बसतो, मळी वरून वाहून जाते.

हे न करताच मळी रस्त्याच्या भरावात ओतणं मला तरी उधळपट्टी वाटते. अडचण भुकटीची. मणी जितके बारीक तितकं दळण बारीक, आणि मिलिमीटरखालच्या कणांवर साध्या जिगची पकड सुटते. तिथे हलणारं तिरकं टेबल लागतं, आणि गाळ बसवून पाणी पुन्हा फिरवायला टाकी.