रोजनिशी (कोकणातील)

रोजनिशी : दिवसभरात घडलेले त्याच दिवशी तारीखवार लिहून ठेवण्याची पद्धत, आणि तशी वही. दैनंदिनी व डायरी हे शब्दही चालतात. रोजनिशी हा मूळचा दप्तरातला शब्द. पेशव्यांच्या दप्तरातल्या रोजनिशीचे उतारे पुढे छापले गेले. घरगुती वहीने तिथून नावाबरोबर कोरडेपणाही उचलला.

कोकणात मन मोकळे करायला कोणी वही उघडत असेल, तर ते अपवादानेच. नोंदी साधारण अशा : ‘मृग लागला, पाऊस नाही. आगोटीचे (पावसाळ्याच्या बेगमीचे) तांदूळ भरले. मुंबईची मनिऑर्डर आली. आईस ताप.’ दोन पानांनंतर त्याच अक्षरात, तितक्याच त्रोटकपणे, आई गेल्याची ओळ असते आणि तिच्याखाली कौलांचा खर्च. बागायतदार मोहोर कधी आला, पहिली पेटी कधी गेली ते टिपतो; मच्छीमाराच्या घरी उधाण, भांग (उधाणाच्या उलट, कमी चढउताराची भरती) आणि नारळी पौर्णिमेनंतरची पहिली फेरी.

एका वर्षाची अशी वही रुक्षच. पन्नास वर्षांच्या वह्या ओळीने वाचल्या की त्यांचे माणसाचे चरित्र होते. तरुणपणचे अक्षर बारीक आणि दाटीचे. साठीनंतर ते मोठे होते, ओळी उतरत जातात, पावसाच्या जागी रक्तदाबाचे आकडे येतात. लिहिणाऱ्याने स्वतःबद्दल सांगायचे टाळलेले सगळे तिथे दिसते.

दुसरा उपयोग आठवणीला चाप लावण्याचा. ‘पूर्वी सात जूनला पाऊस हटकून यायचा,’ हे पडवीपडवीत ऐकू येते. जुनी वही काढली की कोरडे गेलेले मृगही सापडतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. कोणती पोफळ कोणत्या साली लावली, हे अशा वेळी वहीच सांगू शकते. भावकीतल्या जमिनीच्या वादात तर ती हमखास माळ्यावरून खाली येते.

रोजनिशी आणि आठवणी यांत गल्लत करू नये. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत होते. त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला तो सुमारे पाव शतकाने, आणि छापला गेला १९०७ मध्ये. त्यात गोष्ट रंगते, कारण मधल्या काळात ती मनात मुरली होती. रोजनिशीला उद्या काय होणार ते ठाऊक नसते. तिची खरी किंमत मला तरी इथेच वाटते.

वहीचे वैरी दमट हवा, बुरशी, कसर आणि वाळवी. शाईपेक्षा पेन्सिल बरी, ती ओलीने फुटत नाही. काही घरांत वह्यांत वेखंड ठेवतात. मोडी लिपीतल्या वह्यांची अडचण वेगळी : कागद शाबूत, पण घरात वाचणारा उरलेला नाही.

१९७३ पासून ‘कालनिर्णय’ भिंतीवर आले आणि पुष्कळ घरांची रोजनिशी त्याच्या चौकटींत शिरली : दुधाचे खाडे, सिलिंडर, गाय कधी व्याली, चाकरमानी कधी येणार. हे लिहिणाऱ्या बहुधा बायका. त्याला रोजनिशी म्हणायचे कोणाच्या मनातही येत नाही. वर्ष सरले की ती पाने फडताळात डब्यांखाली अंथरली जातात.