लो-कोड ॲपमधली फिल्टर आणि याद्यांची जुळवणी

दोन वेगळ्या याद्यांतल्या नोंदी एखाद्या सारख्या कॉलमवरून जोडायच्या आणि त्यातल्या पाहिजे तेवढ्याच स्क्रीनवर आणायच्या, ह्याला फिल्टर आणि जुळवणी म्हणतात. पॉवर ॲप्स (हे मायक्रोसॉफ्टचं) किंवा ॲपशीट (हे २०२० पासून गूगलकडं) असल्या लो-कोड, म्हणजे फारसा कोड न लिहिता बनवायच्या ॲपमध्ये हे फॉर्म्युल्यावर भागतंय, वेगळा प्रोग्रॅमर लागतोच असं नाही. कल्पना जुनी आहे, आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत ठेवायची पद्धत, मांडलं तेव्हापासूनची.

समजा खानापूर भागातली एक दूध सोसायटी आहे. एक यादी सभासदांची, दुसरी रोजच्या दुधाची, आणि दुधाच्या यादीत फक्त सभासद नंबर, लिटर आणि फॅट. पॉवर ॲप्समध्ये फिल्टर हे फंक्शन अटीत बसणाऱ्या सगळ्या नोंदी देतंय, लुकअप पहिली सापडेल ती एकच देतंय, नाहीच सापडली तर रिकामं. म्हणजे नाव आणायला लुकअप, महिन्याचं दूध आणायला फिल्टर. पण खरा कामाचा प्रश्न उलटा असतोय, ह्या आठवड्यात दूध कुणी घातलंच नाही? त्याला 'नॉट' आणि 'इन' लावून, ज्यांचा नंबर दुधाच्या यादीत नाही तेवढेच सभासद काढतात.

आता नंबर नसला आणि नावावरून जुळवायला गेलं की बेळगाव भागात डोक्याला ताप होतंय. एकाच माणसाचं नाव सोसायटीच्या वहीत मराठीत, पहाणीवर (जमिनीच्या उताऱ्यावर) कन्नडमध्ये आणि बँकेत इंग्रजीत. युनिकोडमध्ये (कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला जो ठराविक क्रमांक देतो त्या पद्धतीत) देवनागरी आणि कन्नड लिपीला वेगवेगळ्या जागा आहेत, त्यामुळं वाचायला तेच 'पाटील' असलं तरी ॲपच्या लेखी ती दोन नावं. गावांचंही तसंच, आपण निपाणी, चिकोडी लिहितो, कन्नडवरून आलेल्या यादीत निप्पाणी, चिक्कोडी असतंय, त्यात निपाणी आधी चिकोडी तालुक्यात होतं, नंतर वेगळा तालुका झाला, म्हणजे जुन्या नोंदी तालुक्यावरून फिल्टर केल्या की निपाणीवाले भलतीकडंच दिसतात. आणि १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं ते वेगळंच. नुसत्या देवनागरीतसुद्धा सुटका नाही बघा, 'कुऱ्हाडे' मधला अर्धा र दोन पद्धतीनं टाईप होतोय, डोळ्याला फरक दिसत नाही पण जुळत नाही. देवनागरी '१२' आणि इंग्रजी आकड्यातलं बारा हेही मजकूर म्हणून वेगळेच. म्हणून नावावर जुळवणी करूच नये, प्रत्येक सभासदाला एक नंबर द्यावा आणि दोन्ही याद्यांत तोच एका प्रकारच्या आकड्यांत ठेवावा. नाव फक्त माणसाला वाचायला.

एक खोच नवख्यांना हमखास लागते. दोन्ही याद्यांत कॉलमचं नाव 'नंबर' च असलं आणि लुकअपमध्ये 'नंबर बरोबर नंबर' अशी अट टाकली तर ॲप दोन्ही बाजूंना आतल्या यादीचाच, म्हणजे जिच्यात शोधतोय त्या सभासदांच्या यादीचाच कॉलम धरतंय, अट कायम खरी ठरते आणि प्रत्येक ओळीपुढं पहिल्याच सभासदाचं नाव येतंय. एरर काही नाही. 'ॲज' वापरून बाहेरच्या (दुधाच्या यादीतल्या) ओळीला वेगळं नाव द्यायचं, नाहीतर कॉलमचीच नावं वेगळी ठेवायची.

डेलिगेशन, म्हणजे अट तपासायचं काम डेटा जिथं ठेवलाय तिथंच सोपवणं, मात्र मोठ्या यादीत नीट समजून घ्यावं लागतंय. अट डेटा आहे तिथंच तपासली गेली तर बरं, नाहीतर पॉवर ॲप्स पहिल्या ५०० नोंदी उचलतंय आणि तेवढ्यातच शोधतंय, सेटिंगमधून ही मर्यादा २००० पर्यंत जाते, त्यापुढं नाही. शेअरपॉइंटच्या (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन याद्या ठेवायची सोय) यादीवर 'बरोबर' ची साधी अट डेलिगेट होते, 'इन' होत नाही. फॉर्म्युला लिहिताना इशारा दिसतोय, पण ॲप वापरणाऱ्याला काहीच कळत नाही, त्याच्या पुढं अर्धवट यादी पूर्ण असल्यासारखी येते, आणि 'दूध न घातलेले' काढताना तर रोज दूध घालणारेही त्यात येऊन बसतात. उपाय असा की आधी तारखेवरून फिल्टर करून तेवढीच दुधाची यादी कलेक्शनमध्ये, म्हणजे ॲपमधल्या तात्पुरत्या यादीत घ्यायची, मग त्यावर 'इन' चालवायचं. १०० सभासद दोन वेळ दूध घालत असतील तर आठवड्याच्या १४०० नोंदी, म्हणजे मर्यादा २००० करून ठेवली तर बसतंय, ५०० वर नाही, आणि महिन्याचं एकदम ओढायला गेलं तर तिथंही नाही, आठवड्या-आठवड्यानं तुकडे करून कलेक्शनमध्ये भरावं लागतंय.