कढीपत्त्याची पानं कोण खातंय? घरच्या बागेतली फुलपाखरं

फुलपाखरं यावीत म्हणून बरेच जण पहिल्यांदा नर्सरीत जाऊन फुलझाडं आणतात, झेंडू, पिटुनिया, गुलाब वगैरे, आणि मग महिनाभराने तक्रार असते की एवढी फुलं लावली तरी एखाददुसरंच फुलपाखरू येतं, तेही दोन मिनिटं थांबून निघून जातं. साहजिक आहे हो. फुलावर ते फक्त खायला येतं, राहायला नाही. फुलपाखराची मादी घर शोधत असते ते पानांवर, आणि प्रत्येक जातीची पानं ठरलेली असतात, त्या पानांशिवाय दुसरीकडे ती अंडी घालत नाही कारण तिथे अळी उपाशी मरेल. अशा झाडाला होस्ट प्लांट म्हणतात, आपण अळीचं खाद्यझाड म्हणू. माझं स्पष्ट मत आहे की बागेत एकच कुंडी ठेवायला जागा असेल तर फुलझाड नको, खाद्यझाड लावा.

आणि गंमत अशी की ते झाड बहुतेक मराठी घरांत आधीच असतं. कढीपत्ता! लिंबू, कढीपत्ता, बेल ही सगळी एकाच कुळातली झाडं, आणि त्यांच्यावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन ही दोन फुलपाखरं हमखास येतात, अगदी शहरातल्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत सुद्धा. आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन (२०१५ साली जाहीर झालं, राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य) हेही लिंबाच्याच कुळावर वाढतं, पण त्याला जवळपास दाट झाडी लागते, त्यामुळे कोकणात, सह्याद्रीच्या बाजूला, गोव्यात राहणाऱ्यांना ते घरी येण्याचा चान्स जास्त.

मादी झाड ओळखते कसं हे बघण्यासारखं असतं. ती कुंडीभोवती भिरभिरत येते, पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पानावर टकटक केल्यासारखं करते आणि उडते, परत दुसऱ्या पानावर तेच. त्या पायांवर चव कळणारी संवेदकं असतात, पायाने पान चाखून बघते ती, आणि रसायनं जुळली की पोट वाकवून एक अंडं चिकटवते. लाइमचं अंडं फिकट पिवळं, गोल, मोहरीपेक्षाही लहान, आणि बहुतेक वेळा कोवळ्या पालवीवर असतं, कारण नवीन अळीचे जबडे जून पान चावू शकत नाहीत. म्हणून कढीपत्ता अधूनमधून छाटत राहिलात की नवी पालवी फुटते आणि मादीला ती हवीच असते. आपल्यालाही फोडणीला मिळतो.

तीनचार दिवसांत अळी बाहेर येते आणि पहिलं काम काय करते तर स्वतःच्या अंड्याचं कवच खाते. मग पान. सुरुवातीचे दिवस ती तपकिरी-पांढरी, ओलसर चकचकीत अशी दिसते, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी, लोक खरंच ओल्या फडक्याने पुसून टाकतात! ही तिची युक्ती आहे, पक्षी विष्ठा खायला जात नाहीत. पण अळी मोठी होत गेली की एवढी मोठी विष्ठा पानावर कोणाला पटणार, म्हणून चार वेळा कात टाकून पाचव्या अवस्थेत गेल्यावर ती एकदम हिरवीगार होते, पानात मिसळून जाते, अंगावर तिरके पट्टे. त्या वेळी तिला काडीने हळूच डिवचलंत तर डोक्यामागून लालसर नारिंगी रंगाचं दुहेरी शिंग फटकन बाहेर येतं आणि एक उग्र आंबूस वास सुटतो. मुंग्या आणि छोटे शिकारी कीटक त्याने लांब राहतात. एकदा मुलांना दाखवा, मग परत परत डिवचू नका, तिची ताकद त्यात जाते.

कॉमन मॉर्मनची गोष्ट तर मला वाटतं प्रत्येक कढीपत्तावाल्या घरात माहीत असायला हवी. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. मादी मात्र एकाच जातीत वेगवेगळ्या रूपांत येते, काही अगदी नरासारख्या, काही कॉमन रोज नावाच्या वेगळ्याच फुलपाखरासारख्या, काही क्रिमसन रोजसारख्या. ही रोज मंडळी ईश्वरीच्या वेलीवर वाढतात आणि त्या वेलीतलं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांना टाळतात, आणि मॉर्मनची मादी, जिच्या अंगात कसलंच विष नाही, ती त्यांचे कपडे घालून फिरते. हे एवढं सगळं सोंग, पंखांचा रंग, ठिपके, आकार, एकत्र कसं बदलतं हा जुना प्रश्न होता, अनेक जीन एकमेकांना चिकटून असतील असं वाटायचं. २०१४ साली बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतले डॉ. कृष्णमेघ कुंटे आणि शिकागो विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की हा सगळा खेळ डबलसेक्स नावाच्या एकाच जीनवर चालतो, म्हणजे कीटकांमध्ये नर-मादीपण घडवणारा जो जीन आहे तोच इथे पंखांचं सोंगही ठरवतो. आपल्या कढीपत्त्यावर वाढणाऱ्या फुलपाखराची ही गोष्ट आहे, हे मला फार भारी वाटतं.

बरं, कढीपत्त्याशिवाय अजून काय लावता येईल. बाल्कनीवाल्यांसाठी माझी पहिली पसंती पानफुटी. त्यावर रेड पिअरो नावाचं काळं-पांढरं-नारिंगी छोटुकलं फुलपाखरू येतं, त्याची अळी पानाच्या आत शिरते, वरच्या आणि खालच्या सालीच्या मधला गर खात बोगदा करते, पान बाहेरून नुसतं फिकट डागाळलेलं दिसतं आणि उजेडासमोर धरलं की आतली अळी दिसते. हे फुलपाखरू फार लांब जातही नाही, पानफुटीच्या आसपासच हळूहळू उडत राहतं त्यामुळे बघायला सोपं. कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर येतं, काटेरी लालसर अळ्या गटाने असतात आणि वेल जवळजवळ बोडका करतात, पण वेल परत फुटतो, घाबरू नका. कण्हेरीवर कॉमन क्रो येतं, त्याचा कोष आरशासारखा चांदी-सोनेरी चकाकतो, पहिल्यांदा बघणाऱ्याला तो खरा वाटत नाही. अंगणात आंबा असेल तर बॅरनची अळी शोधा. शोधाच म्हणतोय कारण ती सहज दिसत नाही, पानाच्या मधल्या शिरेवर बरोबर पाठीवरचा पट्टा जुळवून बसते आणि अंगाच्या दोन्ही बाजूंचे पिसांसारखे काटे पानावर पसरून ठेवते, सावलीच पडत नाही. पानाच्या कडा खाल्लेल्या आहेत आणि अळी दिसत नाही असं झालं की समजा ती तिथेच आहे. अशोकाच्या उंच सरळ झाडांवर आणि सीताफळावर टेल्ड जे येतं, सोसायटीत ही झाडं असतातच.

रुई मात्र वेगळं प्रकरण आहे. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात तीच रुई. तिचा चीक विषारी, त्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, डोळ्यात गेला तर फार त्रास होतो त्यामुळे लहान मुलं असतील तर कुंडी जपून ठेवा. पण प्लेन टायगरच्या अळ्या हेच पान खातात. आधी पानाची मुख्य शीर किंवा देठ कुरतडून चीक वाहून जाऊ देतात आणि मग पुढचं पान निवांत खातात, आणि जे विष पोटात जातं ते साठवून ठेवतात, पुढे फुलपाखरू झाल्यावरही ते अंगात राहतं. म्हणून प्लेन टायगर एवढं संथ, बेफिकीर उडतं. झाडांनी किड्यांपासून वाचायला विष तयार केलं, मग काही किड्यांनी ते पचवायला शिकून घेतलं, मग त्या झाडाशिवाय त्यांचं चालेना, अशी ही लाखो वर्षांची चढाओढ आहे, आणि १९६४ मध्ये पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन या दोन जीवशास्त्रज्ञांनी फुलपाखरं आणि त्यांची खाद्यझाडं यांच्याच याद्या जुळवून हा विचार मांडला होता. प्रत्येक फुलपाखराचं झाड ठरलेलं का असतं त्याचं उत्तर यात आहे.

फुलझाडं लावूच नका असं नाही, अळीचं फुलपाखरू झालं की त्याला मध लागतोच. पेंटास, इक्झोरा, जमैकन स्पाइक चांगली, आणि एकेरी पाकळ्यांची फुलं घ्या, कारण भरगच्च दुहेरी फुलांत मध कमी किंवा सोंड पोचायला अवघड. कुंड्या उन्हात ठेवा. फुलपाखराचं अंग बाहेरच्या उन्हाने तापतं, उडण्याचे स्नायू गरम झाल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही, म्हणून सकाळी ते पंख पसरून ऊन खात बसलेलं दिसतं आणि फोटोची खरी वेळ तीच. अंगणातली एकदांडी तण म्हणून उपटू नका, लहान फुलपाखरं तिच्यावर जगतात. घाणेरीवर फुलपाखरं खूप येतात हे खरंय पण ती बाहेरून आलेली आणि रानात माजणारी झुडपं आहेत, मुद्दाम लावायला नको. एका पसरट बशीत माती घालून ती सतत ओली ठेवा आणि चिमूटभर मीठ टाका, नर फुलपाखरं तिथे येऊन चिखल चोखतात कारण पानांत आणि मधात सोडियम फार कमी असतं, ते मिलनाच्या वेळी मादीला देतात आणि तिच्याकडून ते अंड्यांत जातं. बॅरन आणि संध्याकाळी फिरणारं इव्हिनिंग ब्राऊन ही तर फुलांपेक्षा पिकून काळं पडलेलं केळं, सडका पेरू यावर जास्त खूश असतात.

आता औषधाचं. हे मला जरा जोर देऊन सांगायचंय. "मी फक्त नीम ऑइल मारतो, ते ऑरगॅनिक आहे" असं खूप जण म्हणतात. नीममधलं अझाडिरॅक्टिन अळीची कात टाकण्याची प्रक्रियाच बिघडवतं, त्याचा उपयोगच तो आहे, आणि त्याला मावा किडा कुठला आणि फुलपाखराची अळी कुठली हे कळत नाही. खाद्यझाडांवर काहीही मारू नका, मावा आला तर पाण्याच्या धारेने धुवा. नर्सरीतून आणलेल्या झाडात आधीच मारलेलं औषध असू शकतं, आणि इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं तर झाडाच्या रसात मुरून आठवडेच्या आठवडे राहतात, त्यामुळे नवीन झाड आणलं की त्याला भरपूर नवी पालवी येईपर्यंत त्याची पानं घरच्या डब्यातल्या अळ्यांना घालू नका. बिया किंवा फांदीवरून स्वतः वाढवलेलं झाड सगळ्यात बरं.

घरात अळी वाढवायची असेल तर एकदोनच घ्या. हवा खेळती राहील असा डबा, तोंडावर जाळी किंवा पातळ फडकं, खाली पेपर, आणि रोज ताजी पानं, त्याच झाडाची. लिंबावरच्या अळीला जास्वंदीचं पान दिलं तर ती खाणार नाही, उपाशी मरेल पण खाणार नाही. रोज लेंड्या साफ करायच्या, नाहीतर दमटपणाने बुरशी येते आणि अळ्या रोगाने पटापट मरतात, गर्दी केली तर एकीचा रोग सगळ्यांना लागतो. आणि अळीला बोटांनी उचलू नका, पानासकट हलवा. कात टाकायच्या आधी ती दिवसभर हलत नाही, तेव्हा तर अजिबात हात लावू नका.

एक दिवस अळी खाणं सोडते, पातळ शी करते, आणि सैरावैरा फिरायला लागते. लोक घाबरतात, आजारी पडली म्हणून. ती कोषासाठी जागा शोधत असते. डब्यात दोनतीन उभ्या काड्या ठेवा. लाइम आणि मॉर्मनच्या अळ्या रेशमाची गादी करून शेपटीकडचं टोक तिच्यात रोवतात आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून घेतात, झाडाला टेकून उभ्या राहिल्यासारख्या. टायगर, क्रो वगैरे मात्र सरळ उलट्या लटकतात. हिरव्या पानांत असेल तर कोष बहुतेक हिरवा होतो, सुकलेल्या काडीवर तपकिरी. आत काय चालतं तर अळीच्या शरीराचा बराचसा भाग विरघळतो आणि अळीत सुरुवातीपासून झोपलेले पेशींचे छोटे गट जागे होऊन पंख, पाय, सोंड, डोळे बनवतात. पण सगळंच पुसलं जात नाही, २००८ मध्ये एका पतंगावर केलेल्या प्रयोगात मोठ्या अळ्यांना एक वास टाळायला शिकवलं होतं आणि त्यातल्या बऱ्याच पतंग झाल्यावरही तो वास टाळत होत्या!

कधी कधी कोषातून फुलपाखरू येतच नाही. कोषाला बारीक भोक दिसतं आणि त्यातून चिलटाएवढ्या गांधीलमाश्या निघतात. यातली एक जात तर अळीच्या शेजारी बसून वाट बघते, कोष नुकताच झाला आणि मऊ आहे तेवढ्यात आत अंडी घालते. वाईट वाटतं, मुलं रडतात सुद्धा, पण या माश्याही बागेच्याच आहेत, त्या नसत्या तर लिंबाच्या झाडाला एक पान उरलं नसतं. एका मादीच्या शेकडो अंड्यांतून मोजकीच फुलपाखरं होतात हे नेहमीचंच आहे.

साधारण आठवडा-दहा दिवसांनी कोष गडद होतो, आतले पंख दिसायला लागतात, आणि बहुतेक सकाळीच फुलपाखरू बाहेर येतं. पंख चुरगळलेले, पोट फुगलेलं. ते कशाला तरी लटकून पोटातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलतं, पंख उलगडतात आणि मग तासदोन तास वाळतात. त्या वेळी ते खाली पडलं तर पंख वाकडे वाळतात आणि मग काही करता येत नाही, म्हणून डब्यात लटकायला जागा हवी. खाली लालसर थेंब पडतात, ते रक्त नाही, कोषातला साठलेला मळ असतो. पंख वाळले की झाकण उघडून डबा झाडाजवळ ठेवा, ऊन आलं की ते आपलं आपण जाईल.

पाऊस सुरू झाला की कुंड्या लावा, जुलैत मादी पालवी शोधत फिरायला लागते आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हा आपल्याकडचा बहर. देशभरात सप्टेंबरमध्ये बिग बटरफ्लाय मंथ असतो, लोक आपापल्या भागातल्या नोंदी आणि फोटो देतात, तुम्हीही द्या. काही फुलपाखरं वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यामुळे रानातून अंडी-अळ्या गोळा करून आणायच्या भानगडीत पडू नका, आपल्या कुंडीवर जे येईल ते भरपूर आहे. आणि फोटो काढताना फक्त पंखांचा नको. अळीचा काढा, तिने खाल्लेल्या पानाचा काढा, आणि झाडाचं नाव आणि तारीख बरोबर लिहून ठेवा.