ताणजन्य केसगळती

शरीरावर किंवा मनावर मोठा ताण येऊन गेल्यावर साधारण दोन ते तीन महिन्यांनी डोक्यावरचे केस एकदम मोठ्या प्रमाणावर गळू लागतात, त्या अवस्थेला ताणजन्य केसगळती म्हणतात. त्वचारोगतज्ज्ञ तिला टेलोजन एफ्लूव्हियम या नावाने ओळखतात. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये हे नाव रूढ केले. कडक ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमार अशी कारणे निरनिराळी असली तरी केसाच्या मुळाची वागणूक एकच असते, असे त्यांनी मांडले. या विकारात मूळ मरत नाही, वेळेआधी विश्रांतीला जाते. त्यामुळे गेलेले केस बहुतेकांना परत येतात. ही गोष्ट रुग्णाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवी, कारण कंगव्यातला गुंता रोज पाहून वाढणारी धास्ती हा एक नवाच ताण होऊन बसतो.

केसाचे चक्र : डोक्यावरचा प्रत्येक केस आपापल्या वेळापत्रकाने वाढतो. वाढीचा काळ दोन ते सहा वर्षांचा असतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत मूळ आक्रसते आणि सुमारे तीन महिने स्वस्थ राहते. या विश्रांतीच्या शेवटी जुना केस सुटतो आणि त्याच मुळातून नवा उगवतो. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांतले दहा टक्के विश्रांतीत धरले, तर ते दहा हजार होतात. ते शंभरेक दिवसांत गळायचे, म्हणजे रोज शंभरच्या आसपास. एवढे केस निरोगी माणसाचेही जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाहीत. मोठ्या ताणामुळे वाढीतले बरेच केस एकाच वेळी विश्रांतीत ढकलले जाऊन हे प्रमाण तीस टक्क्यांवर गेले, तर रोजचा आकडा तीनशेवर जातो. मग उशीवर केस दिसतात, न्हाणीघरातली जाळी तुंबते, वेणी बारीक होते.

ताण आणि गळती यांच्यामधला तीन महिन्यांचा खंड या विश्रांतीमुळेच पडतो, आणि बहुतेक गैरसमजांची मुळे त्यातच आहेत. केस गळू लागले की माणूस गेल्या आठवड्यात काय बदलले ते शोधतो. नवा शाम्पू, बदललेल्या गावचे पाणी, नाहीतर टोपी, असे काहीतरी दोषी ठरते. खरे कारण तोवर मागे पडलेले असते. डेंग्यूचा किंवा टायफॉइडचा ताप पावसाळ्यात येऊन गेलेला असतो आणि केस दिवाळीच्या सुमारास गळतात. कोविडच्या साथीतही असेच झाले. आजारातून सुखरूप उठलेले अनेक जण दोन-तीन महिन्यांनी केसांसाठी दवाखान्यात आले. मधल्या काळात घेतलेल्या औषधाला किंवा लसीला बोल लावण्याआधी कॅलेंडरची पाने तीन महिने मागे उलटून पाहावीत.

ताण मुळापर्यंत कसा पोचतो : याचे बरेचसे उत्तर उंदरांवरच्या प्रयोगांतून मिळाले आहे. हार्वर्ड विद्यापीठातील या-चिए शू यांच्या गटाने २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात उंदरांच्या मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या. ताणाचे संप्रेरक बंद झाल्यावर केसांच्या मुळांची विश्रांती फार तोकडी झाली आणि ती पुन्हापुन्हा वाढीला लागली. उलट ताणाखाली ठेवलेल्या उंदरांत विश्रांती लांबली. हे संप्रेरक केस घडवणाऱ्या मूलपेशींना थेट गाठत नाही. मुळाच्या तळाशी असलेल्या पेशींच्या गुच्छावर ते काम करते आणि त्यांच्याकडून निघणारे गॅस६ नावाचे प्रथिन अडवते. मूलपेशींना जागे करणारा इशाराच पोचत नाही, म्हणून त्या निजून राहतात. माणसात कॉर्टिसॉल हे त्याच जातीचे संप्रेरक आहे. पण उंदराचे केस आणि माणसाचे केस सारख्या तालात वाढत नाहीत, हे विसरून या निष्कर्षांवर बाटल्या विकणे गैर आहे.

ताण म्हणजे नेमके काय : बोलण्यात ताण म्हटले की मनाचाच अर्थ घेतला जातो. केसांच्या बाबतीत शारीरिक ताणाचा पुरावा अधिक पक्का आहे. त्यात तीव्र ताप, मोठी शस्त्रक्रिया, अपघात, खूप रक्त जाणे आणि झटपट वजन उतरवण्यासाठी केलेली उपासमार हे सगळे येते. बाळंतपणानंतरची गळती याच घरातली. गरोदरपणात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे केस वाढीतच धरून ठेवलेले असतात, ते प्रसूतीनंतर एकदम विश्रांतीत जातात आणि दोन ते चार महिन्यांनी गळतात. मूल वर्षाचे होईपर्यंत बहुतेक आयांचे केस सावरतात. मनाच्या बाजूने पाहिले तर घरातला मृत्यू किंवा तसा जबर धक्का हे कारण मान्य आहे. कामाची रोजची दगदग तेवढ्यानेच केस घालवते, हे मात्र तितके सिद्ध झालेले नाही. दगदगीचा मार्ग अनेकदा आडवळणाचा असतो. झोप मोडते, जेवण चुकते, चहा-बिस्किटांवर दिवस निघतो आणि शरीरातले लोह घटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा देशात बाईचे केस गळताना ‘टेन्शन घेऊ नका’ एवढेच सांगून तिला परत पाठवणे हा अन्याय आहे. तिचे रक्त तपासले पाहिजे.

चाई हा वेगळा विकार आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा केसांच्या मुळांवर चालून जाते आणि गोल, गुळगुळीत चट्टे पडतात. ताणानंतर चाई पडल्याचे अनेक रुग्ण सांगतात, तरी तिचे उपचार त्वचारोगतज्ज्ञाकडेच होतात. मानसिक अस्वस्थतेत स्वतःचे केस उपटण्याची अनावर सवय हाही एक विकारच आहे. त्याला ओरडा नको, समुपदेशन हवे. आनुवंशिक टक्कल ताणाने सुरू होत नाही, पण ताणजन्य गळतीत केस विरळ झाले की आधीपासून हळूहळू चाललेले टक्कल अचानक उघडे पडते.

सगळे खापर ताणावर फोडले की खरे कारण निसटते. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस हाताने ओढताच येऊ लागले आणि काही दिवसांत टक्कल पडले. आधी पाण्यावर संशय गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार जास्त आढळले. इतक्या झपाट्याने गळणारे केस ताणाच्या संथ वेळापत्रकात बसत नाहीत.

ओळख : गळलेला केस उजेडात धरला तर त्याच्या एका टोकाला पांढरी, टाचणीच्या डोक्यापेक्षाही बारीक गाठ दिसते. ती पाहून ‘मूळच निघून आले’ असे वाटून लोक घाबरतात. प्रत्यक्षात ती विश्रांती पूर्ण करून सुटलेल्या केसाची खूण असते, आणि मूळ त्वचेतच असते. डॉक्टर पन्नास-साठ केसांची बट बोटांत धरून हलकेच ओढतात. सहाहून जास्त केस हातात आले तर गळती चालू असल्याचे समजतात. ताणजन्य गळती साऱ्या डोक्यावर सारखी पसरलेली असते. फक्त भांग रुंदावत असेल किंवा कपाळाचे कोपरे मागे सरकत असतील, तर आनुवंशिक टकलाचा विचार करावा लागतो. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड या तपासण्या सहसा पुरतात.

काय उपयोगी पडते : ताण येऊन गेलेला असेल, तर मुख्य उपचार म्हणजे पोटभर चौरस आहार, झोप आणि वाट पाहणे. केस प्रथिनांचा बनलेला असतो, म्हणून डाळी, उसळी, दूध, अंडी, मासे यांत कपात करू नये. बाळंतिणीला हळिवाचे लाडू देण्याची आपल्याकडची रीत चांगली आहे, कारण हळिवात लोह भरपूर असते. जेवणावर लिंबू पिळावे आणि जेवणालगत चहा टाळावा, म्हणजे ते अंगी लागते. फेरिटिन कमी असेल तर मात्र लाडवांवर भागत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्या लागतात. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाची कमतरता क्वचितच असते. त्याच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडसह काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात, म्हणून गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगावे.

केस धुणे थांबवू नये. चार दिवस न धुतल्यास चार दिवसांचे सुटलेले केस एकदम हातात येतात आणि भीती वाढते, एवढेच. खोबरेल तेलाने केसाची काडी कमी तुटते, मुळावर त्याचा परिणाम होत नाही. जोरात चोळल्यास सैल केस मात्र निघतात. मिनॉक्सिडिल हे केसवाढीचे औषध बहुतेकांना लागत नाही, आणि सुरू केल्यावर पहिले काही आठवडे गळती आणखी वाढू शकते. ध्यान, योगासने किंवा चालणे यांनी केस उगवतात असा ठोस पुरावा नसला तरी त्यांनी झोप आणि भूक सुधारते, आणि ती सुधारणे इथे गरजेचेच आहे. मन फार खचले असेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

गळती साधारण तीन ते सहा महिन्यांत थांबते. त्याआधीच भांगाशी आणि कपाळावर उभे राहणारे आखूड, टोकदार केस दिसू लागतात. तेल लावूनही ते बसत नाहीत. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून खांद्यापर्यंतची वेणी पुन्हा भरायला दोन-तीन वर्षे जातात. सहा महिन्यांनंतरही गळती सुरूच राहिली, चट्टे पडले, टाळूवर लाली, पू किंवा चकचकीत व्रण दिसले, भुवया विरळ झाल्या किंवा पाळी अनियमित झाली, तर त्वचारोगतज्ज्ञाला लगेच दाखवावे. व्रण धरणाऱ्या विकारांत मूळ कायमचे नष्ट होते आणि तिथे वाट पाहण्याने नुकसान होते.